एड्सच्या गोळ्या आणि अमेरिकेची माघार: सॉफ्ट पॉवर म्हणजे नेमकं काय?

रसायनीकर

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर सॉफ्ट पॉवरचा, म्हणजे बळ किंवा पैसा न वापरता जगाला आपल्या बाजूला वळवण्याच्या ताकदीचा, विषय निघाला. योगदिन, हिंदी सिनेमा, परदेशातली आपली हॉटेलं इथवर येऊन चर्चा थांबली. तेव्हापासून मनात घोळतंय. आपलं गाणं आवडलं म्हणून कुठला बलाढ्य देश स्वतःची मागणी मागे घेत नाही. पण उगवत्या देशांनी बंदूक किंवा तिजोरी न दाखवता महासत्तेला खरोखर माघार घ्यायला लावली, असं एक उदाहरण मला जवळून माहीत आहे. साल २००१. एका बाजूला ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत. समोर अमेरिका. विषय एड्सच्या गोळ्यांचा.

जवळून म्हणण्याचं कारण, मी बावीस वर्षं पाताळगंगेच्या एमआयडीसीत एका औषध कारखान्यात, बल्क विभागात (जिथे औषधाचा मूळ पदार्थ बनतो) काढली. राजकारणाचा अभ्यासक नाही. चुकलं तर सांगा.

ब्राझीलपासून सुरू करतो. १९८८ साली अमेरिकेने औषधांच्या पेटंटवरून ब्राझीलच्या काही मालावर शंभर टक्के आयातशुल्क लावलं होतं. त्या दबावाखाली ब्राझीलने मे १९९६ मध्ये नवा पेटंट कायदा केला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा कायदा केला: देशातल्या प्रत्येक एचआयव्ही रुग्णाला औषध सरकार फुकट देईल. त्या वेळी ही औषधं माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होती. गरीब देशात हे जमणारच नाही, रुग्ण वेळेवर गोळ्या घेणार नाहीत, असं भल्याभल्यांचं मत होतं.

ब्राझीलने काय केलं? ज्या औषधांना तिथे पेटंट लागू नव्हतं, ती रिओच्या सरकारी कारखान्यात, फार्मान्गिन्योसमध्ये, आणि इतर देशी कारखान्यांत बनवायला घेतली. ज्यांना पेटंट होतं त्यांच्या कंपन्यांना सांगितलं, भाव उतरवा, नाहीतर आम्ही सक्तीचा परवाना काढतो, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते औषध बनवू देतो. काही वर्षांत एड्सचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००० सालापर्यंत ब्राझीलमध्ये बारा लाख लोकांना लागण झालेली असेल असा जागतिक बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला.

ब्राझीलच्या पेटंट कायद्यात ६८ वं कलम होतं. पेटंट घेतलंत तर माल इथे बनवा, नाहीतर परवाना दुसऱ्याला जाऊ शकतो, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेने त्यावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये लवाद नेमला गेला. कायद्याच्या भाषेत भांडत बसले असते तर ब्राझील हरलाही असता. त्यांनी भांडणाची जागाच बदलली. व्यापाराचा प्रश्न त्यांनी जिनिव्हातच, पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात नेला. औषध मिळणं हा आरोग्याच्या हक्काचा भाग आहे, असा ठराव एप्रिलमध्ये मांडला. बाजूने ५२, विरोधात शून्य. एकटी अमेरिका तटस्थ राहिली. अमेरिकी वर्तमानपत्रांत ब्राझीलच्या आरोग्य खात्याने पानभर जाहिराती दिल्या, तिथल्या सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत. शिवाय वर्षभर आधीच, दरबानच्या एड्स परिषदेत, आमचं तंत्र आफ्रिकेतल्या देशांना द्यायला तयार आहोत असं सांगून ठेवलं होतं.

२५ जून २००१. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचं एड्सवरचं खास अधिवेशन सुरू झालं आणि त्याच दिवशी अमेरिकेने तक्रार मागे घेतली. बदल्यात ब्राझीलने एवढंच मान्य केलं, की ते कलम वापरण्याआधी अमेरिकेशी बोलू.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. ब्राझीलने आधी स्वतःच्या माणसांना गोळ्या दिल्या आणि मग जगापुढे उभा राहिला. त्याला विरोध करायचा तर अमेरिकेला म्हणावं लागलं असतं, की ही जगलेली माणसं मेलेली बरी होती. भर सभेत असं कोण म्हणेल?

भारताचा भाग लांबतो, तो पुढच्या प्रतिसादात लिहितो.

मुळा_मुठा

उत्तम धागा. वाचतेय. भारताचा भाग लवकर येऊ द्या.

काळीमाती

रसायनीकर, लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही. ब्राझीलकडे कारखाना होता म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आलं. कारखाना नसलेल्या देशाने तेच भाषण केलं असतं तर कोणी ऐकलं असतं का? ऑगस्ट २००१ मध्ये आरोग्यमंत्री जोसे सेर्रा यांनी नेल्फिनाव्हिर या एड्सच्या औषधाचा सक्तीचा परवाना काढतो म्हणून जाहीर केलं आणि त्याच महिन्यात ते विकणाऱ्या रोश कंपनीने भाव चाळीस टक्के उतरवला. ही सौम्य वगैरे सत्ता नव्हे, व्यवहारातली धमकी आहे.

दुसरं, अमेरिका नैतिकतेने विरघळली नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये तिथे अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू भरलेली पत्रं आली. लोकांना त्यावरच्या सिप्रोच्या गोळ्या हव्या होत्या, पेटंट बायर कंपनीचं. तेव्हा खुद्द अमेरिकेचे आरोग्यमंत्री म्हणाले, भाव उतरवा नाहीतर पेटंट बाजूला ठेवू. बायरने गोळी पावणेदोन डॉलरवरून ९५ सेंटवर आणली. पुढच्याच महिन्यात व्यापार संघटनेची दोह्याची परिषद होती. त्या खोलीत बसून अमेरिकेने ब्राझीलला कोणत्या तोंडाने उपदेश करायचा? दोहा जाहीरनामा निघाला त्यात या योगायोगाचा वाटा मोठा आहे.

रसायनीकर

काळीमाती, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. बल्क बनवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, रिअ‍ॅक्टर चालला नाही तर भाषणाला किंमत नाही. पण उलटही विचार करून बघा. कारखाना असूनही एकटं पडलेल्या देशाला आयातशुल्काने चेपता येतं, १९८८ साली चेपलंच होतं. २००१ मध्ये ते जमलं नाही, कारण मधल्या काळात ब्राझीलच्या पाठीशी लोक उभे राहिले होते, आणि त्यात अमेरिकेतले लोकही होते. कारखान्याने धमकीला धार आली, आणि लोकांच्या मतामुळे त्या धमकीबद्दल ब्राझीलला शिक्षा करणं अवघड झालं. दोन्ही हात लागले.

अँथ्रॅक्सचं मात्र तुम्ही अगदी बरोबर हेरलंत. १४ नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्यातलं वाक्य साधं आहे: सार्वजनिक आरोग्य जपण्यासाठी सभासद देशांनी पावलं उचलायला ट्रिप्स करार (व्यापार संघटनेचा पेटंट वगैरेंचा करार) आड येत नाही आणि येऊ नये. ते ‘येऊ नये’ मिळवायला महिने गेले.

आता भारत. १९५९ मध्ये न्यायमूर्ती अय्यंगार समितीने सांगितलं होतं की औषधांवरची पेटंटं बहुतांश परदेशी कंपन्यांकडे आहेत आणि त्यांचा देशाला उपयोग नाही. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला: औषधाच्या पदार्थाला पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीला. त्यामुळे तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवायला आमचे केमिस्ट शिकले. १९८१ साली जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेत इंदिरा गांधींनी सांगितलं होतं, की शहाण्या जगात वैद्यकातले शोध पेटंटमुक्त असतील आणि जीवनमरणावर कोणी नफा कमावणार नाही. ते भाषण तेव्हा किती जणांनी मनावर घेतलं मला माहीत नाही. त्याला वजन आलं ते वीस वर्षांनी.

मुंबईच्या सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केलं, की तीन औषधांचा संच डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या सेवाभावी संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. ही बातमी आली त्या सकाळी आमच्या कारखान्याच्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. आमची कंपनी वेगळी, तरी छाती फुगली होती. एका शिफ्ट इंचार्जने तर खिशातला कॅल्क्युलेटर काढून बल्कचा भाव मांडून दाखवला, की एवढ्यात बसतं. तोवर जगाला वाटत होतं की हे औषध मुळातच महाग आहे. त्या आकड्याने ते खोटं ठरवलं. दोन ओळींची किंमत सांगून एका देशाने जगाचं मत फिरवलं, आणि त्यात सरकारचा हात अगदी थोडा होता.

केपटाऊन_ते_कराड

मी २००० ते २००५ केपटाऊनमध्ये नोकरीला होतो, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितो.

दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधं आयात करता यावीत म्हणून कायदा दुरुस्त केला. औषध कंपन्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. सुनावणीच्या वेळी ३९ कंपन्या होत्या, आणि कागदावर पहिला प्रतिवादी होता राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला. जगातल्या सगळ्यात आदरणीय माणसावर औषध स्वस्त केल्याबद्दल खटला! मार्च २००१ मध्ये प्रिटोरियात सुनावणी सुरू झाली तेव्हा रस्ते भरून माणसं होती. १९ एप्रिलला कंपन्यांनी दावा मागे घेतला. त्या दिवशी ऑफिसमधली कॅन्टीनची बाई गात होती. मला खोसा येत नव्हती, शेजारच्याने सांगितलं की हे वर्णभेदाच्या काळातलं लढ्याचं गाणं आहे.

यामागे सरकारपेक्षा मोठी ताकद होती ती ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या रुग्णांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची. त्यांचे झॅकी अकमत स्वतः एचआयव्हीबाधित. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी गोळ्या घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि वर्षानुवर्षं ते पाळलं. अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी १९९९ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या प्रचारसभांत घुसून घोषणा दिल्या, तेव्हा कुठे अमेरिकी सरकारचा दक्षिण आफ्रिकेवरचा दबाव सैल झाला. रसायनीकर म्हणतात त्यात ही भर घालतो: समोरच्याच्या घरात आपली बाजू घेणारं कोणीतरी असावं लागतं. आणि ते पैसे देऊन मिळत नाही.

आता दुःखाचा भाग. खटला जिंकल्यावर सरकारने गोळ्या वाटल्याच नाहीत. राष्ट्राध्यक्ष एम्बेकींना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मान्य नव्हतं. बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदर बायांना नेव्हिरापिन हे औषध द्या, असा हुकूम जुलै २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाला द्यावा लागला. त्या वर्षीच्या जानेवारीत कार्यकर्ते ब्राझीलला जाऊन फार्मान्गिन्योसच्या गोळ्या घेऊन आले आणि खायेलित्शाच्या वस्तीतल्या दवाखान्यात रुग्णांना दिल्या. खायेलित्शा आमच्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर. त्या वस्तीत ब्राझील म्हटलं की लोकांना फुटबॉलआधी गोळ्या आठवत. मंडेलांनी डिसेंबरमध्ये तिथेच ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेला टीशर्ट घातला, तेव्हा ते सत्तेवर नव्हते. पण देशाची अब्रू त्या दिवशी त्यांनी राखली असं मला वाटतं, सरकारने नव्हे.

कृष्णाकाठ

इतका चांगला धागा चाललाय, त्यात कडू लिहायला जड जातं, पण लिहिते.

मी २००१ ते २००६ सांगली जिल्ह्यात एचआयव्हीबाधित बायकांमध्ये समुपदेशक म्हणून काम केलं. नवऱ्याकडून लागण झालेल्या, नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलेल्या, बहुतेक तिशीच्या आतल्या. रसायनीकर दादा, तुम्ही म्हणता त्या सकाळी तुमच्या बसमध्ये आनंद होता. आमच्याकडे ती बातमी मराठी पेपरात छोटी आली होती. एका बाईने मला विचारलं, ताई, आफ्रिकेला देतायत, आपल्याला कधी? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भारत सरकारने गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. जास्त लागण असलेली सहा राज्यं आणि दिल्ली मिळून आठ रुग्णालयं. मुंबईत जे.जे. मध्ये केंद्र झालं. ३५० डॉलरची बातमी फेब्रुवारी २००१ ची. मधली तीन वर्षं मोजा. त्या तीन वर्षांत आमच्या रजिस्टरमधल्या किती नावांवर रेघ मारली, तो आकडा मी इथे लिहिणार नाही. गोळी बनत होती आमच्याच राज्यात, पाताळगंगेला, कुरकुंभला. काहींनी शेत विकून, डोरलं मोडून चार-सहा महिने घेतली, मग सोडली. मध्येच सोडली की औषध पुढे लागू पडेलच असं नसतं.

ब्राझीलने आधी घरात दिलं, मग जगात बोलला. आपण कंपनीच्या जोरावर जगात नाव कमावलं आणि घरात उशिरा आलो. म्हणून मला ‘भारताची सॉफ्ट पॉवर’ हे शब्द ऐकवत नाहीत.

मुळा_मुठा

ताई, तुमचं वाचून काही वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

एडिसनवासी

इथे अमेरिकेची एक बाजू मांडतो, कारण धाग्यात ती फक्त खलनायक दिसतेय. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एड्ससाठी पाच वर्षांत पंधरा अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, पेपफार. त्या भाषणातच ते म्हणाले होते, की औषधाचा वर्षाचा खर्च बारा हजार डॉलरवरून तीनशेच्या खाली आला आहे. तो तीनशेचा आकडा आला कुठून, हे वर वाचलंतच. सुरुवातीला त्यांना मूळ कंपन्यांचाच माल हवा होता, २००४ पासून अमेरिकी औषध प्रशासनाने जेनेरिक, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेली तीच स्वस्त औषधं, तपासून मान्यता द्यायला सुरुवात केली आणि पुढे या योजनेतल्या बहुतेक गोळ्या भारतीय कारखान्यांतून गेल्या. आफ्रिकेत आज अमेरिकेला दुवा देणारे लाखो लोक आहेत. म्हणजे बलवान देशाने प्रतिस्पर्ध्यांचाच मुद्दा उचलला आणि आपल्या तिजोरीच्या जोरावर मोठा केला. सॉफ्ट पॉवरच्या खेळात ही चाल सगळ्यात भारी असते, आणि यात माणसंही वाचली.

दुर्दैव असं, की जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली तेव्हा याच योजनेला धक्का बसला. वीस वर्षांत कमावलेलं एका सहीने डळमळलं. इथे माझ्या ओळखीची एक नर्स या कामासाठी केनियात जाऊन आली होती, ती तेव्हा रडली.

काळीमाती

लसीचा विषय कोणीच काढला नाही म्हणून काढतो. २० जानेवारी २०२१ ला भारताच्या कोविड लसी भूतान आणि मालदीवला गेल्या. पुण्याच्या सीरमचा माल. चीनच्या आधी आपण पोचलो आणि शेजारपाजारी त्याचं अप्रूप होतं. मग एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, निर्यात थांबली. भूतानने मार्चच्या शेवटी सुरुवात करून जवळपास सगळ्या प्रौढांना पहिला डोस आपल्या लसीचा दिला होता. जुलैत दुसरा डोस दिला तो मुख्यतः अमेरिका आणि डेन्मार्कने पाठवलेल्या लसींचा. स्मशानात जागा नसताना निर्यात थांबवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याला वेळ सांगून ती पाळता येत नसेल, तर पहिल्या विमानाचे फोटो एवढे कशाला?

आणि रसायनीकर, तुमचा ब्राझील. २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने व्यापार संघटनेत प्रस्ताव ठेवला, की कोविडपुरतं पेटंट वगैरे बाजूला ठेवा. विरोध करणाऱ्यांत ब्राझील होता.

रसायनीकर

हो. बोल्सोनारो सरकारच्या काळात ब्राझीलने तो विरोध केला, आणि ते वाचलं तेव्हा मला एखादा जुना मित्र परका झाल्यासारखं वाटलं. मे २०२१ मध्ये अमेरिकेने लसींपुरता पाठिंबा दिला, युरोप अडून बसला, आणि जून २०२२ मध्ये जे हाती आलं ते मूळ प्रस्तावाच्या मानाने फार थोडं होतं. तीच मागणी, त्यातले दोन देश तेच, तरी २००१ सारखं झालं नाही. माझ्या मते एक कारण ब्राझील तुटला हे, आणि दुसरं, या वेळी ‘बघा, आम्ही आमच्या माणसांना असं वाचवलं’ म्हणून दाखवायला कोणाकडेच काही नव्हतं. ना आपल्याकडे, ना त्यांच्याकडे.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला दोन दिवस लावले. त्या बसमध्ये आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की हीच गोळी आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत कोणाला मिळतेय का. आम्ही बॅच नंबर बघायचो, ड्रम सील करायचो, ट्रक जेएनपीटीला जायचा. माझ्या मूळ लेखात ‘आधी स्वतःच्या माणसांना’ असं मी ब्राझीलचं कौतुक केलं, पण ते वाक्य आपल्याला लावून बघितलं नव्हतं. तुम्ही ते केलंत. मी माझ्या लेखातलं भारताचं वर्णन आता तसंच ठेवणार नाही, संपादनाची सोय असेल तर तिथे तुमची तीन वर्षं लिहिणार आहे.

एक घटना राहिली होती, ती नोंदवतो. मे २००७ मध्ये ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी एफाव्हिरेन्झ या एड्सच्या औषधाचा सक्तीचा परवाना खरोखरच काढला. पेटंटवाली मर्क कंपनी गोळीला १.५९ डॉलर घेत होती, तीस टक्के सूट देऊ म्हणाली, ब्राझीलने नाही म्हटलं. स्वतःचा कारखाना तयार होईपर्यंत गोळ्या आल्या त्या भारतातून. २००१ मध्ये ज्या धमकीवर काम भागलं होतं, ती सहा वर्षांनी अमलात आली आणि व्यापारी शिक्षा झाली नाही.

ताई, एक विचारू का? २००४ नंतर ज्या बायकांना गोळ्या मिळाल्या, त्यांना त्या कुठे बनतात हे माहीत होतं का?

कृष्णाकाठ

नाही दादा. त्या तिला ‘सरकारी गोळी’ म्हणत. सुरुवातीला आम्ही त्यांना रात्रीच्या एसटीने मुंबईला न्यायचो, पहाटे उतरून जे.जे. च्या रांगेत. नंतर सांगलीतच केंद्र झालं. मला ज्या बाईने ‘आपल्याला कधी’ म्हणून विचारलं होतं, ती पहिल्या खेपेत होती. अजून गोळ्या चालू आहेत, द्राक्षबागेत कामाला जाते. तुमचा धागा तिला फोनवर वाचून दाखवला, ब्राझीलचा भाग दोनदा. तिने विचारलं, तिकडच्या बायकांनाही रोज रात्री घ्यावी लागते का. मी हो म्हटलं.